सावतोबांच्या मळ्यात वाफे किती?



तुमच्यापैकी काहींनी मला नारदाच्या गादीवर उभे असलेले पाहिले असेल. आता गुडघे उभे राहू देत नाहीत आणि वरचा षड्ज लागत नाही. वीणा पुढच्या पिढीच्या गळ्यात गेली आणि मी घरामागच्या परसात गेलो. तिथे मला एक जुना प्रश्न पुन्हा भेटला. प्रश्न माझा नव्हे, एका माळणीचा आहे. त्याचे उत्तर मी बावीस वर्षे देणे लागतो, ते आज तुमच्यासमोर देतो.

सावता महाराजांच्या पुण्यतिथीचा सप्ताह होता. महाराजांनी आषाढ वद्य चतुर्दशीला, शके १२१७ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९५ मध्ये अरण येथे देह ठेवला, हे तुम्ही जाणताच. काल्याच्या कीर्तनाला मी महाराजांचा तो भाजीपाल्याचा अभंग घेतला होता. सबंध महाराष्ट्राला तो पाठ आहे, मी इथे सांगायला नको. कीर्तन रंगले. पंगतीच्या आधी हात धुवायला गेलो, तेव्हा एक बाई पदर सावरत पुढे आली. हातापायाला मळ्याची माती होती. म्हणाली, "महाराज, दोन गोष्टी विचारू का? सावतोबांच्या मळ्यात वाफे किती असतील? आणि मिरची तर समुद्रापलीकडून आली असं पोरीच्या पुस्तकात लिहिलंय, मग त्यांच्या अभंगात कशी?"

आता ऐका मी काय केले. मला उत्तर येत नव्हते. भोवती पन्नास माणसे होती, गळ्यात अजून हार होता. मी मोठ्याने म्हणालो, "बाई, वाफे वैकुंठाएवढे! आणि ज्याने सृष्टी केली त्याला एक मिरची करता येत नाही होय?" माणसे हसली. बाई हसली नाही. पाया पडली आणि पंगतीत जाऊन बसली.

आधी मिरचीचे बघू, ते थोडक्यात आटोपते. बाईच्या पोरीचे पुस्तक खरे होते. मिरचीचे मूळ घर अमेरिका खंड. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ मध्ये, पोर्तुगीजांनी गोवा घेतले १५१० मध्ये, आणि मिरची आपल्याकडे आली ती त्यानंतर, त्यांच्या जहाजांतून. तोवर महाराजांना जाऊन दोनशे वर्षे होऊन गेली होती. त्यांच्या काळी तिखट म्हणजे मिरे, पिंपळी, सुंठ. मिरची हा शब्द आपला, मिऱ्यावरून आलेला; झाड परके. कर्नाटकातले पुरंदरदास, तेही विठ्ठलाचेच दास, त्यांच्या नावावर मिरचीचे एक पद सांगतात. पण त्यांचा काळ सोळाव्या शतकाचा, तेव्हा तिथे अडचण येत नाही.

मग आपल्या अभंगाचे काय? महाराजांचे अभंग काशिबा गुरवांनी लिहून ठेवले असे परंपरा सांगते. आज हाती आहेत ते अवघे सदतीस. ते शेकडो वर्षे टाळकऱ्यांच्या गळ्यातून आले आहेत. गाणाऱ्याने आपल्या परसात जे पाहिले ते त्याच्या तोंडात आले, असे मी आता मानतो. मूळच्या जागी दुसरी कुठली भाजी असेल. गाणाराही माळीच असेल, त्याच्या वाफ्यात मिरची लागली होती, त्याने ती देवाला वाहिली. यात महाराजांना उणेपणा नाही आणि गाणाऱ्यालाही नाही. उणेपणा माझ्या त्या उत्तराला आहे.

एक गंमत सांगून पुढे जातो. ज्याला आपण एकादशीचे फराळाचे म्हणतो त्यातले रताळे, बटाटा, शेंगदाणा, मिरची हे सगळे त्याच वाटेने आलेले पाहुणे आहेत. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तोही. बटाटा हा शब्दच पोर्तुगीज, आणि मुळात तो रताळ्याचा. टोमॅटोला माझी आजी बेलवांगे म्हणायची आणि स्वयंपाकघरात येऊ द्यायची नाही. ज्ञानोबा-सावतोबांच्या काळच्या परसात दोडका, पडवळ, दुधी, कारले, कोहळा, वांगे, वाल, माठ, अळू, सुरण, मुळा होता. सावतोबांच्या आधी दीडशे वर्षे कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' रचला, त्यातल्या राजाच्या ताटात वांगे आहे. तेव्हा वांगे आपले जुने सोयरे आहे. त्या वांग्यानेच मला अद्दल घडवली, ते पुढे येईल.

आता वाफ्यांचा प्रश्न. हा खरा प्रश्न, आणि खुळा तर मुळीच नव्हता. माळणीने विचारला होता. जी बाई रोज वाफे मोजते, ती संताच्या मळ्यात शिरली की आधी वाफेच मोजणार. आपण कीर्तनकार तिथे शिरलो की दृष्टान्त मोजतो.

अरण हे माढा तालुक्यात, मोडनिंबजवळ. भीमा एका अंगाला, सीना दुसऱ्या अंगाला, आणि मधला मुलूख कोरडा. सोलापूर जिल्ह्याची पावसाची सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तीही दर वर्षी पडेलच असे नाही. अशा मुलखात माळ्याचा मळा म्हणजे विहीर आणि मोट. जुन्या दप्तरांत बागायतीचे प्रकारच पाण्यावरून पाडले आहेत. पाटाच्या पाण्याची ती पाटस्थळ, मोटेच्या पाण्याची ती मोटस्थळ. जमिनीला नावच पाण्याचे. म्हणजे मळा किती मोठा, हे जमीन किती यावर ठरत नव्हते. विहिरीत पाणी किती आणि बैलाच्या खांद्यात जोर किती यावर ठरत होते.

मी मोट हाकलेली आहे, म्हणून हिशेब सांगू शकतो. तरुण वाचकांनी मोट पाहिली नसेल. चामड्याची मोठी पिशवी, तिला सोंड, वर चाक, जाड नाडा, आणि उताराची धाव. बैल धावेवरून खाली उतरले की भरलेली मोट वर येते आणि थारोळ्यात रिकामी होते. तिथून पाणी पाटाने वाफ्याकडे जाते आणि दारे धरणारा एक वाफा भरला की खोऱ्याने दुसऱ्याचे तोंड उघडतो. आमच्या विहिरीवर एकच मोट. हिवाळ्यात पहाटे जुंपली तर बैल सुटेपर्यंत शंभर मोटा निघत. दहा हात लांब, सहा हात रुंद अशा वाफ्याला चार मोटा लागत. म्हणजे एका पाळीत पंचवीस वाफे भिजले. भाजीला हिवाळ्यात आठव्या दिवशी पाणी लागते. त्या आठांतले दोन दिवस बैल भाजीला, बाकीचे गव्हाला, ज्वारीला, गाडीला. दोन दिवसांचे पन्नास वाफे. झाला हिवाळ्याचा मळा.

उन्हाळ्यात काय होई? चाळीस मोटा झाल्या की मोट चिखल घेऊन वर येई. बैल सोडायचे आणि झरे भरायची वाट पाहायची. चाळीस मोटांत दहा वाफे. आणि उन्हाळ्यात पाणी आठव्या नव्हे, चौथ्या दिवशी लागते. त्या चारांतले दोन दिवस भाजीला दिले तरी वीस वाफे, वर एक नाही. आई होळीनंतर पन्नासांतले तीस वाफे स्वतःच्या हाताने मोडायची. हिरवी झाडे उपटून गुरांना घालायची. मी लहानपणी रडत असे. ती म्हणायची, "पन्नास तहानलेले ठेवून एकही जगणार नाही."

पुढे मी कुठल्याशा कृषी प्रदर्शनात एक पुस्तिका घेतली. पाच माणसांच्या घराला वर्षभर भाजी पुरवायला दोनशे चौरस मीटर, म्हणजे साधारण दोन गुंठे जागा पुरते, असे तिच्यात होते. मी घरी येऊन आईचे वाफे मीटरमध्ये मोजले. तिच्या उन्हाळ्यातल्या वीस वाफ्यांची जागा अडीच गुंठ्यांच्या आत भरली. आईला अक्षर येत नव्हते.

तेव्हा माळणीच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे: सावतोबांच्या मळ्यात विहीर म्हणेल तितके वाफे. महाराजांच्या वाणीत मोट, नाडा, विहीर यांत विठ्ठल दिसतो, त्याचा अर्थ मी व्यासपीठावरून चाळीस वर्षे अध्यात्माने लावला. तो अर्थ चुकीचा नाही. पण रोज नाड्याला हात लावणाऱ्यानेच ते म्हटले आहे, हे मी विसरलो होतो. पंढरी इतकी जवळ असून महाराज वारीला गेले नाहीत, देवच अरणला आला, अशी आपली कथा आहे, आणि आजही पांडुरंगाची पालखी अरणला जाते. मी या कथेला आता एक साधी तळटीप जोडतो. चौथ्या दिवशी पाणी मागणारे वाफे ज्याने लावले, तो माणूस मळा सोडून आठ दिवस जाणार कसा?

तुम्ही म्हणाल, महाराज, भक्ताने देवाच्या भरवशावर पेरावे, मोजमाप करणारा तो वाणी. माउली, तसे नाही. आपल्या संप्रदायाचे सगळे वर्षच मोजलेले आहे. पंचांग उघडा आणि परसबाग म्हणून वाचा.

अक्षय तृतीयेला परसात आळी करून दोडका, पडवळ, भोपळा यांच्या बिया लावायच्या आणि अळू लावायचे. मृगाच्या आधी वेलीने मूळ धरलेले असले की पाऊस पडताच ती मांडवावर चढते. आषाढ शुद्ध नवमी ती कांदेनवमी. त्या दिवशी घरातला कांदा संपवायचा, कारण एकादशीपासून चातुर्मास. कांदा, लसूण, वांगे बंद. ऐन पावसात कांदा सडतो आणि वांग्यात अळी असते, हे माळ्याला कुणी सांगावे लागत नाही. भाद्रपदात ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, म्हणजे नांगरटीचे धान्य नाही आणि मोटेवरची भाजीही नाही. मग खायचे काय? परसातले. अळू, माठ, चुका, दोडका, पडवळ, भोपळा, सुरण. मी तर ऋषिपंचमीला परसबागेची वार्षिक तपासणी म्हणतो. ज्या घरात त्या दिवशी सात-आठ भाज्या बाजारात न जाता निघाल्या, त्या घराने अक्षय तृतीयेला नीट आळी केली होती. नाही निघाल्या, तर उपास खऱ्या अर्थाने घडतो.

मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी, चंपाषष्ठी. खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य, आणि आमच्याकडे त्या दिवसापासून वांगे सुटते. पौषात भोगी. वाल, पावटा, हरभरा, घेवडा, वांगे, तीळ, सगळे एका भाजीत आणि बाजरीची भाकरी. म्हणजे शेंगा कोणत्या महिन्यात भरल्या पाहिजेत तेही ठरलेले. आषाढीला रताळे हवे तर त्याचे वेल फाल्गुन-चैत्रात लावावे लागतात, कारण त्याला जमिनीत चार महिने लागतात. अडीचशे माणसांची वाडी असो की सहा माणसांचे घर, कधी काय लागणार हे आमच्या आईला तिथीने ठाऊक होते. किती लागणार ते तोंडे मोजून.

आणि त्या तोंडांत घराबाहेरची तोंडे धरलेली असत. आषाढ शुद्ध षष्ठीला मराठवाड्यातून येणारी एक दिंडी आमच्या गावी मुक्कामाला असे. दोनशे माणूस. आईचे आठ लाल भोपळे दिंडीचे. हिवाळ्यात पिकलेले, देठासकट काढलेले, कडब्याच्या चुंबळीवर माळवदाखाली ओळीने ठेवलेले. एकेक पाच-सहा किलोचा. आठ भोपळ्यांत दोनशे माणसांना माणशी पळीभर भाजी निघते, वाढणाऱ्याचा हात सैल नसेल तर. त्या आठ भोपळ्यांना घरात कुणी बोट लावायचे नाही. पाहुणा आला, जावई आला, तरी नाही.

हा हिशेब न केल्यास काय होते ते शिवछत्रपतींनी लिहून ठेवले आहे. राज्याभिषेकाच्या आधी चिपळूण भागात घोडदळाची छावणी होती, तिथल्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेले त्यांचे पत्र प्रसिद्ध आहे. महाराज सांगतात त्याचा आशय असा: पावसाळ्यासाठी दाणा-वैरण साठवून दिली आहे, ती आताच मन मानेल तशी उडवाल तर ऐन पावसात मिळणार नाही, घोडी मरतील, आणि मग तुम्ही कुणब्यांच्या घरी जाल. कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी सरपण, कोणी भाजी. मग रयत म्हणेल, यापेक्षा मोगल बरे. राज्य उभे करणारा पुरुष, आणि दिव्याची जळती वात उंदराने ओढून नेली तर गवताच्या गंजी पेटतील इथपर्यंत त्याची नजर गेली आहे. ज्याने आपला साठा मोजला नाही तो शेवटी दुसऱ्याच्या परसात उतरतो, आणि ते परस नेहमी आपल्याहून गरिबाचे असते.

वडील दुसऱ्या महायुद्धातली गोष्ट सांगत. १९४२ मध्ये जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला, तिकडचा तांदूळ बंद झाला आणि सरकारने 'अधिक धान्य पिकवा'ची हाक दिली. आमच्याकडेही झेंडूचे वाफे मोडून तिथे भाजी केली. आजोबांनी एक वाफा तेवढा राखला, बुक्क्याबरोबर विठोबाला फूल लागतेच म्हणून. असो.

माझ्या डोळ्यांदेखतचे वर्ष मात्र १९७२ चे. मी तेव्हा बाविशीचा. विहिरीला तळ दिसला. बैल छावणीत... नव्हे, त्या वर्षी आमचे बैल विकलेच. आम्ही सगळे दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होतो. सुकडी मिळायची, आणि रेशनवर मिलो, तांबडी परदेशी ज्वारी, तिची भाकर थापताना तुटायची. वाफे उरले तीन, तेही हंड्याने पाणी घालून. त्यांत आईने तीन भोपळे काढले. मी विचारले, यंदा एक तरी घरात चिरायचा ना? धाकटी बहीण आजारातून उठली होती, तिच्या तोंडाला चव नव्हती. आई म्हणाली, "दिंडीचे आहेत." मी तिला नको ते बोललो. देव मोठा की लेक मोठी, असेही बोललो. तिने उत्तर दिले नाही.

चैत्रात शेजारची बाई बाळंत झाली. घरात काही नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर माळवदाखाली दोनच भोपळे. आईने एक रात्रीच तिच्या घरी पोचवला होता. मी चिडून म्हणालो, "तो दिंडीचा नव्हता का?" ती चुलीपुढून वळलीसुद्धा नाही. म्हणाली, "दिंडीच आली होती की."

त्या दिवशी बहिणीलाही त्याच भोपळ्याची एक फोड मिळाली, शेजारणीच्या घरून परत आलेली. आषाढात दिंडी आली ती चाळीस-पन्नास माणसांची. त्यांना दोन भोपळे पुरले.

पुढे १९८० मध्ये उजनी धरण पुरे झाले. कालव्याचे पाणी आले, विहिरीवर मोटार बसली, मोटेचे चाक काढून गोठ्यात टाकले. ऊस आला, मागून द्राक्ष आणि डाळिंब आले. मी याला नावे ठेवणार नाही, माझ्या मुलांची शिक्षणे त्याच पाण्यावर झाली. पण वाफे मोजायची गरज गेली, आणि गरज गेली की विद्या एका पिढीत जाते. दहा एकर ऊस असलेल्या घरात कोथिंबीर बाजारातून येऊ लागली. आमच्याही.

म्हणून निवृत्त झाल्यावर मी ठरवले की परसात भाजी करायची. आणि इथे चाळीस वर्षे सावता महाराज सांगणाऱ्या या माणसाची परीक्षा झाली. बोअरचे पाणी भरपूर होते. अक्षय तृतीयेच्या मुहूर्तावर रोपवाटिकेतून वांग्याची साठ रोपे आणून लावली. मेथीचे सगळे बी एका दिवशी पेरले. दुधीचे आठ वेल चढवले. शेजारी बघून जात, मी मनात फुलत होतो.

महिन्याभरात सगळी मेथी एका दिवशी काढणीला आली. दोन दिवस खाल्ली, चार दिवस वाटली, उरलेली फुलावर गेली. दुधी इतके आले की नातवंडे जेवायला बसायच्या आधी भाजीचे नाव विचारू लागली. आणि वांगी? वैशाखात लावलेले वांगे फळाला कधी येणार? बरोबर आषाढी एकादशीला. साठ झाडे जांभळ्या फळांनी लवली, आणि घरात सगळे माळकरी, चंपाषष्ठीपर्यंत वांगे बंद! जन्मभर लोकांना चातुर्मास सांगितला आणि स्वतःच्या परसात तो पाहिला नाही. बायको काही बोलली नाही. रोज सकाळी टोपले भरून माझ्या पुढ्यात ठेवायची, एवढेच.

मग मी वही घेऊन बसलो. आम्ही सहा माणसे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत माणशी रोज सुमारे ४०० ग्रॅम भाज्या सांगितल्या आहेत. सहा माणसांना रोज दोन किलो चारशे. एवढे आम्ही खात नाही, पण आकडा धरायला बरा. आता वांगे. आठवड्यातून दोनदा केले, एका वेळी किलोभर लागले, तर तीन महिन्यांत २६ किलो. जपलेले एक झाड हंगामात दोन-अडीच किलो देते. म्हणजे झाडे लागतात अकरा-बारा. मी लावली होती साठ. मिरचीची आठ-दहा पुरतात. दुधीचे दोन वेल, दोडक्याचे दोन, कारल्याचे दोन. मेथी आणि कोथिंबीर एकेका वाफ्याचे तुकडे करून दर पंधरवड्याला एक तुकडा, एकादशी झाली की दुसऱ्या दिवशी पेरायचे असे धरले की विसरत नाही. अळू न्हाणीच्या पाण्यावर, त्याला वेगळे पाणी नको. शेवगा एक, कढीपत्ता एक. हे सगळे लिहून झाले आणि लक्षात आले की वहीत दिंडीचे भोपळे लिहायचे राहिले. ते मग वर, पहिल्या ओळीत लिहिले.

वांग्याची रोपे पुन्हा आणायची होती. ती आषाढाच्या शेवटी लावली की दिवाळीच्या सुमाराला पहिले फळ येते आणि चंपाषष्ठीला झाड भरात असते. मी रोपवाटिकेत गेलो नाही. चौकशी करून त्या बाईच्या मळ्यावर गेलो. दिवस मुद्दाम धरला, आषाढ वद्य चतुर्दशीचा. बाईने सत्तरी गाठली होती, पण कंबर माझ्यापेक्षा ताठ. मला ओळखले. खाट टाकली, पाणी दिले.

मी म्हणालो, "अक्का, बावीस वर्षांपूर्वी तुम्ही मला दोन प्रश्न विचारले होते. मी चारचौघांत तुमची चेष्टा केली. मला तेव्हा उत्तर येत नव्हते." मग मिरचीचे सगळे सांगितले, जहाजांसकट. तिने ऐकून घेतले. म्हणाली, "पोरगी आता शाळेत शिकवते. तिला सांगते." वाफ्यांचे सांगू लागलो, विहीर, मोट, चार-चार मोटांचा हिशेब, तेव्हा मात्र तिने मध्येच थांबवले. "चार मोटा काळ्या रानाला. आमच्या मुरमाड रानाला पाच लागायच्या. वीसच वाफे व्हायचे पंचवीसाचे." मी वही काढून तिथेच दुरुस्ती केली.

मग रोपांचे सांगितले. गेल्या वेळी किती लावली होती, तिने विचारले. मी साठ म्हटले. आणि माउली, बाई हसली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मीही हसलो.

"घरात माणसं किती?" तिने विचारले. सहा म्हणालो. ती वाफ्यात उतरली, ओल्या मातीसकट रोपे काढली, केळीच्या सोपटात बांधली आणि माझ्या हातात दिली. पैसे घेतले नाहीत. घरी येऊन मोजली, चौदा होती. दोन जास्त कशाला ते मी विचारले नव्हते. एक श्रावणात अळीने शेंडा पोखरून गेले. दुसरे कुंपणाजवळ लावले, रस्त्याच्या बाजूला, आणि त्याची फळे कोण काढून नेतो ते मी पाहत नाही.